चिमट्याचं सुटं बोलणं

माझा धाकटा गेली बारा वर्षं लाथा खातोय, तोंडावर आपटतोय, जिन्यावरून गडगडत खाली येतोय, आणि हे सगळं तो एका लहानशा खोलीत, माईकसमोर उभा राहून करतो. अंगाला खरचटतसुद्धा नाही.

शनिवारी दुपारी टीव्हीवर पोरांचं एक कार्टून लागतं. त्यात काळा सरकार नावाचा एक दुष्ट माणूस आहे. त्याला दर शनिवारी जग बुडवायचं असतं आणि ते दर शनिवारी त्याच्याच्यानं होत नाही. त्याच्या हाताखाली चिमटा नावाचा एक काटकुळा आहे. लांब पाय, लांब नाक, छातीत दम नाही. सरकारचं बिनसलं की लाथ चिमट्याला. तो चिमटा किरट्या आवाजात "आलो, सरकार!" म्हणून धावतो ना, तो आवाज माझ्या धाकट्याचा. ते "आलो, सरकार" रस्त्यावरची पोरं म्हणतात, भाजीवाली म्हणते, परवा दाताचा डॉक्टर म्हणाला. मी ताठ मानेनं सांगते, माझा मुलगा आहे तो.

पण आई म्हणून एक गोष्ट मला पहिल्यापासून खुपत आली. त्या चिमट्याला प्रेमात कधी यश नाही. लेखकानं तसा नियमच करून ठेवलाय म्हणे. कधी तो टपालवालीच्या प्रेमात पडतो, कधी सर्कशीतल्या बाईच्या. एकदा तर चौकातल्या एका बाईच्या दगडी पुतळ्यावर जीव जडला त्याचा. महिनाभर तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता, आणि सरकारनं तो पुतळा तोफेत घालून उडवला. पोरं लोळून हसतात. मला हसू येत नाही, कारण आमच्या घरात तेच चाललं होतं आणि तिथं हसायला कुणी नव्हतं.

धाकटा अडतिसाचा झाला. दिसायला बापावर गेलाय, म्हणजे बरा आहे. स्वभावानं गरीब. पण त्याचं कुठं जमेना. पहिली एक शाळेतली बाई होती. तिच्या घरी आम्ही भेटायला गेलो, तर तिच्या भाचरांना कळलं की हाच चिमटा. झालं! तासभर हा त्यांच्यापुढे शिंकला, पडला, रडला. ती बाई दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी निरोप आला, माणूस चांगला आहे पण खरा कोणता ते कळलं नाही. दुसरी औषधांच्या दुकानातली. तिच्याशी दोन महिने फोनवर बोलणं व्हायचं. एकदा ती जरा आवाज चढवून म्हणाली, "ऐकतोयस का?" आणि ह्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आलो, सरकार!" तिला वाटलं हा आपली टिंगल करतोय. तिसरी शिवणकाम करणारी. ती मी मोडली. खोटं कशाला सांगू? ती मला न विचारता माझ्या स्वयंपाकघरातला डबा उघडून बघत होती. मी धाकट्याला म्हटलं, ही नको. तो म्हणाला, बरं.

माझी थोरली, म्हणजे मुलगी, तेव्हा म्हणाली होती, "आई, तुझ्या घरी चिमटा आहे हे ठीक. पण सरकार कोण ते कधी आरशात बघितलंस का?"

"माझ्या आरशात मी केस विंचरते," मी म्हटलं. थोरलीची जीभ फार चालते. कुणावर गेलीय कोण जाणे.

तर त्या शनिवारची गोष्ट. थोरली तिच्या दोन मुली घेऊन जेवायला आली होती. जेवणं झाली, नाती टीव्हीपुढे बसल्या, मीही चष्मा लावून बसले. धाकटा नव्हता, गावात कुठं गेला होता. त्या दिवशीच्या भागात चिमटा दीपगृहातल्या बाईच्या प्रेमात पडला होता. ती वर, काचेच्या पलीकडे दिवा सांभाळते, आणि हा खाली खडकावर भिजत उभा. आणि बोलायला लागला.

"बाई, नऊ वर्षं मी तुमच्यासमोर पडतोय, रडतोय, मार खातोय. तुम्ही काचेपलीकडून सगळं ऐकता. मला स्वतःच्या आवाजात हे बोलता येत नाही, म्हणून ह्या आवाजात बोलतो. माझ्या घरात एक खोली आहे. तिची खिडकी अडकते, ती मी रंधा मारून सरळ करून ठेवीन. घरात एक म्हातारी आहे. तिची जीभ सुरीसारखी चालते, पण आजाऱ्याच्या उशाशी बसावं तर तिनंच. तुम्हाला चालेल का?"

तेवढ्यात ढगांतून काळा सरकार गरजला, "चिमट्याऽऽ!" आणि हा "आलो, सरकार!" म्हणत खडकावरून घसरला तो थेट पाण्यात. दीपगृहातल्या बाईनं काच लावून घेतली. नाती टाळ्या पिटत हसल्या.

मी उठले आणि मागच्या खोलीत गेले. तिची खिडकी पावसाळ्यात फुगायची आणि वर्षभर अडकायची. पोरांच्या बापाच्या वेळेपासून. दोन महिन्यांमागं एका रविवारी धाकट्यानं रंधा आणला, खिडकी उतरवली आणि दिवसभर घासत बसला. मी म्हटलं, आज काय अंगात आलंय? म्हणाला, सहज. मग भिंतींना रंग दिला. तेही सहज. मी खिडकी ढकलली. एका बोटानं उघडली.

थोरली मागून आली. "काय झालं गं?"

"अगं, त्या चिमट्याला कुठं घर आहे, खिडकीला रंधा मारायला?" मी म्हटलं. "ते बोलणं कार्टूनमधलं नाही. ह्यानं कुणाला तरी खरंच विचारलंय."

थोरली दाराला टेकून उभी राहिली. बराच वेळ बोलली नाही, आणि थोरली बोलत नाही म्हणजे गोष्ट पटली. मग म्हणाली, "काचेपलीकडची."

ते मलाही कळलं होतं. धाकटा घरी कामाचं फार सांगत नाही, पण काचेपलीकडच्या बाईंचं नाव निघायचं. तो ज्या खोलीत बोलतो तिला एक मोठी काच आहे आणि काचेपलीकडे आवाज टिपणारी बाई बसते. "काचेपलीकडच्या बाई म्हणाल्या, आज आवाज बसलाय." "काचेपलीकडच्या बाईंनी सफरचंद दिलं." ती तिथं कामाला लागली तेव्हापासून, नऊ वर्षं मी हे ऐकत होते आणि मला वाटायचं, ही कुणी पेन्शनीला आलेली असेल.

"आता तू काही करू नकोस हं," थोरली म्हणाली. "त्याच्याशी बोलूसुद्धा नकोस."

"मी कशाला बोलतेय त्याच्याशी?" मी म्हटलं. आणि खरंच नाही बोलले. धाकट्याचं रेकॉर्डिंग मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. मी सोमवारी स्टुडिओत गेले.

स्टुडिओ म्हणजे मला वाटलं होतं काही झगमगाट असेल. पंखे दुरुस्त करायच्या दुकानावर तिसरा मजला. लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली. मी गुडघे धरत चढले. दार उघडं होतं. आत अंधारी खोली, भिंतींना सगळीकडे काळा स्पंज चिकटवलेला. एक बाई पाठमोरी बसून, कानावर हेडफोन घालून, समोरच्या पडद्यावरच्या वेड्यावाकड्या रेघा कापत होती. केस आखूड, निम्मे पिकलेले. चाळिशीची असेल. पेन्शनीची मुळीच नाही.

मी खाकरले. तिनं वळून बघितलं, हेडफोन काढला आणि लगेच उठून मला खुर्ची दिली.

"या. तीन जिने चढून आलात ना? पाणी देते."

"मी कोण ते विचारलं नाहीस."

"खाकरताय ते त्यांच्यासारखंच," ती म्हणाली. "शेवटी जरा वर नेता."

मी पाणी प्यायले. मनात ठरवून आले होते की आधी हिचं पाणी जोखायचं, मग बोलायचं. आता उलटंच झालं होतं. म्हणून विचारलं, "हे काय कापत होतीस?"

"श्वास. तुमच्या मुलाचे. वाक्याआधी घेतात तो जास्त मोठा असला की कापावा लागतो." तिनं एक हेडफोन माझ्या कानाला लावला. "ऐका. हा त्यांचा श्वास."

"मला काय ऐकवतेस?" मी म्हटलं. "त्याचा पहिला मी ऐकलाय."

ती हसली. हसताना मान खाली घालते. मला आवडलं ते, पण मी चेहरा दाखवला नाही. काचेपलीकडे ती लहान खोली दिसत होती. उंच स्टूल, माईक, कागद ठेवायची चौकट, आणि खुंटीला एक जुना, मऊ पडलेला स्वेटर. त्याला एकही बटण नव्हतं.

"तो कुणाचा?"

"त्यांचाच. म्हणजे इथं आल्यावर घालायचा." तिला सांगावं की नाही असं झालं. मग सांगितलं. "तुम्ही त्यांच्या शर्टांना खळ करता ना, कडक. हात हलवला की माईकमध्ये कागद चुरगळल्यासारखं येतं. म्हणून ते इथं शर्ट काढून ठेवतात आणि स्वेटर घालतात. बटणं चौकटीवर आपटायची, ती मी काढून टाकली."

नऊ वर्षं! दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी पहाटे उठून इस्त्रीचा शर्ट त्याच्या हातात द्यायचे, की माझा मुलगा चार लोकांत जातो तर ताठ दिसावा. आणि तो इथं येऊन शर्ट काढून खुंटीला लावायचा. मला एका शब्दानं बोलला नाही.

"अजून काय काय ठाऊक आहे तुला?" मी जरा टोचूनच विचारलं.

"घरी भांडण झालं की न खाता येतात, ते ठाऊक आहे. माईकला पोटातली गुरगुर ऐकू येते." तिनं टेबलावरचा डबा पुढे केला. आत आंबट सफरचंदाच्या फोडी होत्या. "म्हणून हे ठेवते. आवाजही मोकळा होतो आणि पोटही गप्प बसतं."

मी फोड घेतली नाही. "शनिवारचं कार्टून मी बघितलं," म्हटलं. "आमच्या मागच्या खोलीची खिडकी अडकायची. ते बोलणं तुला होतं."

तिनं डबा बंद केला. "हो."

"तुला कळलं होतं?"

"तेव्हाच कळलं होतं." ती पडद्याकडे बघून बोलायला लागली. "रेकॉर्डिंग संपलं की मी प्रत्येकाकडून पाच मिनिटं सुटं बोलणं घेते. शिंका, हुंदके, पडणं, काहीही बडबड. पुढं कुठं तुकडा लागला तर असावा म्हणून. त्या दिवशी त्यांनी दोन शिंका दिल्या, एक हुंदका दिला, आणि मग हे बोलले. चिमट्याच्या आवाजात."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, परत एकदा."

"अगं बाई!" मी म्हटलं. "माणूस तुला लग्नाचं विचारतोय आणि तू परत एकदा म्हणतेस?"

"मला ते त्यांच्या आवाजात ऐकायचं होतं," ती म्हणाली. "त्यांना वाटलं, चिमटा नीट झाला नाही. त्यांनी परत सगळं चिमट्यातच म्हटलं. जास्त छान म्हटलं. शेवटी रडलेसुद्धा. थांबा, ऐकवते."

तिनं दोन्ही ऐकवलं. दुसऱ्या वेळचं संपल्यावर ती म्हणाली, "आता बोलू नका, ऐका," आणि त्या शांततेत एक श्वास आला. लांब, छातीतून घेतलेला.

"हा चिमट्याचा नाही," ती म्हणाली. "चिमटा नाकानं घेतो. हा त्यांचा आहे. मी वाट बघत बसले. वाटलं, आता बोलतील. हे बघा, अर्धं मिनिट गेलंय." पडद्यावरची रेघ सरळ चालली होती. मग तिचाच आवाज आला, "ओके, झालं." आणि दार लागल्याचा आवाज.

मला माझा मुलगा ठाऊक आहे. त्या अर्ध्या मिनिटात तो कसा उभा असेल ते मला दिसत होतं, स्वेटरच्या बाहीशी चाळा करत.

"हे बोलणं भागात घ्या म्हणून लेखकाला पाठवायला नको होतं मी," ती म्हणाली. "पण रागात होते. म्हटलं, काम म्हणून बोललात ना, तर जाऊ दे कामात."

तिनं हे स्वतःहून कबूल केलं, तिथं माझं मत ठरलं. मी सरळ म्हटलं, "हे बघ, तू हो म्हण. बाकी सगळं मी बघते."

"कुणाला हो म्हणू? तुम्हाला?"

"मलाच म्हण, काय बिघडलं?"

"काकू," ती शांतपणे म्हणाली, "मी ह्या महिन्याच्या शेवटी इथलं काम सोडतेय. दुसऱ्या शहरात नाटकं रेकॉर्ड करायचं काम मिळालंय. बारा दिवस राहिलेत. तुम्ही आज घरी जाऊन त्यांना सांगाल, आणि ते उद्या इथं येऊन मला अगदी नीट विचारतील. पण मग मला कसं कळणार की बोलतंय कोण? चिमट्याला सरकारनं हुकूम केला की तोही जातोच."

मला हे घरातल्या मुलीनं म्हटलं होतं तेव्हा मी उडवून लावलं होतं. परक्या बाईनं, तेही मला काकू म्हणून, पाणी देऊन म्हटलं, तेव्हा उडवता येईना. मी उठले. पदराआड गुडघा चोळला.

"काकू म्हणू नकोस," मी म्हटलं. "आणि मी त्याला काही सांगणार नाही. शब्द देते."

"जमेल?"

"मी दिलेला शब्द आजवर मोडला नाही," मी म्हटलं. तो खरं म्हणजे असा कधी दिलाच नव्हता.

जिना उतरताना मला मोठं काही केल्यासारखं वाटत होतं. खालच्या पायरीवर आल्यावर कळलं की बारा दिवस म्हणजे किती.

मंगळवारी पहाटे मी शर्टाला खळ केली नाही. धाकट्यानं शर्ट हातात घेऊन उलटसुलट केला. "आई, बरं वाटत नाही का तुला?"

"पाण्याची बोंब होती," मी म्हटलं.

तो गेला, संध्याकाळी आला, हातपाय धुऊन बसला. म्हणाला, "काचेपलीकडच्या बाई चालल्यात. काम सोडून."

"हो का?" मी म्हटलं, आणि डाळ निवडायला घेतली. ती सकाळीच निवडून झाली होती.

"त्यांच्या जागी दुसरं कुणी येणार."

"बरं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी अशा बातमीवर एवढंच बोलले असं आमच्या घराच्या इतिहासात झालेलं नाही. एरवी मी विचारलं असतं, का चालली, कुठं चालली, एकटी राहणार का, तिच्या घरच्यांना चालतं का, आणि तू असा तोंड पाडून का बसलायस. हे सगळे प्रश्न माझ्या दातांच्या मागं रांगेत उभे होते.

थोरलीला मी सगळं सांगितलं होतं. ती रोज फोन करायची. "काय, तोंडाला कुलूप आहे ना?"

"आहे."

"किल्ली कुठं ठेवलीस?"

"फोन ठेव," मी म्हणायचे.

दिवस जात होते आणि धाकटा काही हलत नव्हता. सकाळी उठून मागच्या खोलीत जायचा, ती खिडकी उघडायचा, लावायचा, परत यायचा. शुक्रवारी रेकॉर्डिंगहून आला तेव्हा त्याला विचारायचीही गरज नव्हती. चेहऱ्यावर लिहिलेलं होतं की आज पण तो पडला, रडला, ओरडला आणि घरी आला. लेखकानं चिठ्ठी पाठवली होती, दीपगृहाचा भाग लोकांना फार आवडला, चिमट्याला पुढच्या महिन्यात एका फुगेवालीच्या प्रेमात पाडतोय. धाकट्यानं ती चिठ्ठी मला वाचून दाखवली. मला ती चुलीत घालावीशी वाटली. आमच्याकडे चूल नाही, नाहीतर घातली असती.

सर्वांत वाईट आठवा दिवस. मी दुपारची जरा आडवी झाले होते. धाकटा येऊन माझ्या पायाशी बसला. लहानपणी ताप यायच्या आधी असाच बसायचा.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"एक गोष्ट आहे. करावी की नाही कळत नाही. केली तर काय होईल ठाऊक नाही, नाही केली तर काय होईल ते ठाऊक आहे." मग थांबून म्हणाला, "तू सांग ना. मी काय करू?"

अहो, काय सांगू तुम्हाला! माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. ऊठ, शर्ट घाल आणि जा. एवढंच. तो उठला असता, शर्ट घातला असता आणि गेला असता. ती काय ऐकायची वाट बघतेय, हेही मी सांगू शकले असते. अडतीस वर्षं मी ह्या मुलाला सांगत आले, काय खा, काय घाल, कुणाशी बोल, कुणाला नको म्हण. त्यानं प्रत्येक वेळी बरं म्हटलं आणि मी त्याला गुणी म्हटलं.

मी कुशीवर वळले, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, "मला ठाऊक नाही रे."

तो पायाशीच बसून राहिला. मला वाटलं हा आता रडणार, चिमट्यासारखा नाही, खरा. पण तो उठला, माझ्या पायांवर पांघरूण घातलं आणि गेला. मी मात्र भिंतीकडे बघत थोडीशी रडले. पण ते कुणी बघितलं नाही, तेव्हा त्याचा हिशेब नको.

नववा गेला, दहावा गेला. मी थोरलीला म्हटलं, "हा काही जात नाही. ती गाडीत बसेल आणि हा खिडकी उघडत लावत बसेल."

"मग बसू दे," थोरली म्हणाली. ह्या वेळी टोमणा नव्हता. "आई, नाही गेला तरी तू बोलायचं नाहीस. नंतरसुद्धा नाही. जमेल ना?"

त्याचा मी विचारच केला नव्हता. मी बारा दिवसांचा शब्द दिला होता. पुढच्या वर्षांचा नाही. पण थोरलीचं खरं होतं. नाही गेला, तर तो उगाच जन्मभर माझ्या नजरेत तेच शोधत बसेल. मी म्हटलं, "जमवेन."

अकराव्या दिवशी सकाळी धाकटा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात घरातला साधा सदरा, पायात चपला.

"आई, मी जरा जाऊन येतो."

कुठं, हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला. मी चहाचा घोट घेतला आणि तो त्याच्याबरोबर गिळला. चहा इतका गरम होता की जीभ पोळली. "ये," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी घरातलं एकही काम केलं नाही असं मी म्हणणार नाही. सगळी केली, दोनदा केली. दुपारी जेवायला आला नाही. ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं, फरशीवरून दारात गेलं. दिवे लागायच्या आत आला. चपला काढल्या, पाणी प्यायला, आणि माझ्यासमोर पाटावर बसला, जसा रोज बसतो.

"तू गेली होतीस तिच्याकडे," तो म्हणाला. 'तिच्याकडे' म्हणाला. 'बाईंकडे' नाही, 'त्यांच्याकडे' नाही.

"गेले होते."

"आणि मला बोलली नाहीस."

"नाही."

"बारा दिवस?"

"आज अकरावा."

त्यानं फरशीकडे बघत मान हलवली. "मी पायाशी येऊन विचारलं तेव्हासुद्धा."

"तेव्हासुद्धा."

मग त्यानं स्वतःहून सांगितलं, मला विचारावं लागलं नाही. ती घरी खोकी बांधत होती. हा दारात उभा राहिला, तोंड उघडलं आणि चिमटाच बाहेर आला, पहिले दोन शब्द. हा थांबला. ती दोरी हातात धरून तशीच उभी. हा म्हणाला, थांबा. मग परत तोंड उघडलं तर आवाजच नाही. तिनं पाणी दिलं नाही, हात धरला नाही, काही नाही, नुसती उभी. तिसऱ्यांदा आला.

"कसा होता?" मी म्हटलं. "आवाज."

"घोगरा. मलाच ओळखू आला नाही. पण तेवढंच बोललो, खिडकी वगैरे काही नाही. म्हटलं, तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं."

"आणि?"

"ती जाणार आहे, आई. त्या नाटकवाल्यांना शब्द दिलाय तिनं. परवा सकाळची गाडी."

नऊ वर्षं थांबला आणि दोन दिवस उरले असताना बोलला. चिमट्याचंच नशीब हे, दुसरं काय. पण धाकट्याचा चेहरा पडलेला नव्हता. तो बोटानं पाटावर रेघा ओढत होता.

"म्हणाली, तिथं जागा लागली की पत्ता पाठवते. दर महिन्याला दोन दिवस सुट्टी असते तिला. या म्हणाली."

"मग जाऊ की!" मी म्हटलं. "कधी निघायचं? तिला तिथं भांडीकुंडी लागतील, गादी लागेल, मी थोरलीला सांगून..."

"आपण नाही," धाकटा म्हणाला. "मी जाणार आहे."

"आणि मी?"

"तू पुढं कधीतरी. तिनं बोलावल्यावर."

"का? मी काय खाते काय तिला?"

"तिनं नाही म्हटलेलं हे," तो म्हणाला. "मी म्हणतोय."

खरं सांगते, मला राग आला. नाकावरच असतो माझ्या, लांबून आणावा लागत नाही. पण त्याच वेळी हेही कळलं की ह्यानं बरं म्हटलेलं नाही. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गप्प बसले. आता ह्या गप्प बसण्यामागं कुणाला दिलेला शब्द नव्हता.

त्यालाच माझी कीव आली असेल. म्हणाला, "विचार ना काहीतरी. अकरा दिवसांचं साठलं असेल."

साठलं होतं म्हणजे काय! तिचे आईबाप आहेत का, जेवायला काय करते, तिकडे एकटीनं कुठं राहणार, नव्या कामात तिथंही कुणी सफरचंद खाणारा भेटला तर, आणि तू महिन्यातून दोन दिवस जाऊन हे पुरं कसं पडणार. मी सगळे आवरले. "एकच विचारते," म्हटलं. "तू ते बोललास, तेव्हा ती हसली का?"

"लगेच नाही."

"मग नंतर?"

"एकच म्हणाली होतीस," धाकटा म्हणाला, आणि हात धुवायला मोरीत गेला.